शून्य बाइटची फाइल

माझा लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. त्यावर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं की सवयीने 'पीफेच' टाइप होतं. मशीनची माहिती थोडक्यात दाखवणारं हे छोटं टूल. डावीकडे विरामचिन्हांनीच रेखाटलेला डेबियनचा, म्हणजे माझ्या लिनक्स सिस्टिमचा, भोवरा, उजवीकडे सात ओळी: लॉगिन कोणाचं, सिस्टिम कुठली, मशीन कुठलं, कर्नल (सिस्टिमचा गाभा) कितवा, किती वेळ चालू आहे, पॅकेजेस किती, मेमरी किती खर्ची पडली. एंटरवरून बोट उचलेपर्यंत उत्तर हजर.

वेळ आणि मेमरी त्याला '/प्रॉक' या फोल्डरमधून कळते. मला विचाराल तर त्या भोवऱ्यापेक्षा हा फोल्डर जास्त बघण्यासारखा आहे. आतल्या 'मेमइन्फो', 'अपटाइम', 'सीपीयूइन्फो' या फाइलींचा आकार यादीत शून्य बाइट दिसतो, पण उघडल्या की मजकूर येतो! कारण त्या डिस्कवर नसतातच. गल्ल्यात किती जमले म्हणून विचारल्यावर दुकानदार तेव्हाच मोजून सांगतो, तसं आपण फाइल वाचायला घेतली की कर्नल त्या क्षणाचे आकडे लिहून हातात ठेवतो. चालू प्रोसेस, म्हणजे त्या क्षणी चालत असलेले प्रोग्रॅम, फाइलसारख्या दाखवायच्या ही कल्पना बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये मांडली. लिनक्सने पुढे त्याच फोल्डरात सगळ्या सिस्टिमचा संसार मांडला.

'अपटाइम'मध्ये फक्त दोन आकडे असतात. माझ्याकडे परवा होते १८४५२.३७ आणि ६९२१०.५२. पहिला म्हणजे मशीन सुरू झाल्यापासूनचे सेकंद, साधारण पाच तास सात मिनिटं. दुसरा म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलेला वेळ. पण चालू असलेल्या वेळापेक्षा रिकामा वेळ जास्त कसा? तर हा दुसरा आकडा सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांची, बेरीज असतो. माझ्या प्रोसेसरला चार कोअर. पहिल्या आकड्याला चारने गुणून ताळा केला, तर बिचारे ९४ टक्के वेळ नुसते बसून होते. मशीन हळू चालतं म्हणून मी मात्र दिवसभर प्रोसेसरच्या नावाने खडे फोडत होतो.

पीफेच हे टूल हलकं का, याचंही उत्तर या फाइली वाचण्यातच आहे. टर्मिनलमधल्या कमांड चालवतो तो शेल, आणि पीफेच ही त्याच्यासाठी लिहिलेली स्क्रिप्ट. अशा स्क्रिप्टमधून ग्रेप, ऑक अशी मजकूर शोधणारी-निवडणारी बाहेरची कमांड बोलावली की दर वेळी नवी प्रोसेस जन्माला घालावी लागते, आणि वेळ जातो तो तिथे. पीफेच होता होईल तो कोणाला हाक मारत नाही. शेलच्या स्वतःच्या 'रीड'ने एकेक ओळ घेतो आणि हवे ते आकडे उचलतो. त्याच लेखकाचं, डिलन अराप्स यांचं, हेच काम करणारं 'निओफेच' जास्त गाजलं. दहा हजारांहून अधिक ओळींची ती बॅश (एक शेल) स्क्रिप्ट एप्रिल २०२४ मध्ये आर्काइव्ह झाली, म्हणजे तिच्यावरचं काम थांबलं, आणि आपण शेती करायला घेतल्याचं त्यांनी प्रोफाइलवर लिहिलं. आपल्याकडे शेतकऱ्याची पोरं प्रोग्रॅमर होतात, इथे गंगा उलटी वाहिली. सी या भाषेत लिहिलेलं तसंच टूल 'फास्टफेच' आता अनेकांच्या मशीनवर असतं.

मेमरीची ओळ मात्र जपून वाचावी. एकाच मशीनवर दोन टूल्स वेगवेगळे आकडे दाखवतात आणि दोन्ही खोटी नसतात. लिनक्स मोकळी रॅम मोकळी ठेवत नाही. डिस्कवरून नुकतंच वाचलेलं तिथे ठेवून देतो, पुन्हा लागलं तर पटकन मिळावं म्हणून, आणि एखाद्या प्रोग्रॅमने जागा मागितली की तेवढी रिकामी करून देतो. अशी जागा 'वापरलेली' धरायची की 'उपलब्ध'? जुन्या पद्धतीत अशा ठेवलेल्या मजकुराचे आकडे (कॅश, बफर वगैरे) एकेक वजा करत बसायचे. २०१४ मध्ये कर्नलने 'मेमअव्हेलेबल' नावाची ओळच दिली, ज्यात हा अंदाज तो स्वतः बांधतो.

गेल्या महिन्यात भाचा घरी आला होता. लॅपटॉपवर काही शोधताना त्याने मेमइन्फो उघडली. पहिल्या ओळीत एकूण ३७८८ एमबी (४ जीबीतला उरलेला वाटा कर्नल आणि ग्राफिक्सने आधीच बाजूला काढलेला), दुसऱ्या ओळीत 'मेमफ्री', म्हणजे निव्वळ रिकामी, जेमतेम १८० एमबी. "मामा, रॅम संपलीय तुझी," म्हणत त्याने फोनवर नव्या रॅमच्या किमती बघायला सुरुवातही केली. मी त्याला तिसऱ्या, 'मेमअव्हेलेबल'च्या ओळीवर बोट ठेवायला सांगितलं. उपलब्ध २१०० एमबी.

"मग आधी सांगायचंस ना," म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.