‘गॅस्ट्रो’ : अर्ध्यावर तुटलेल्या नावाची पार्श्वभूमी

पावसाळा लागला, नळाला गढूळ पाणी आलं, की नागपूरच्या वर्तमानपत्रांत ‘गॅस्ट्रोची लागण’ दिसू लागते. मेडिकल असो वा मेयो, इथल्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत ओपीडीच्या रांगेतही हाच शब्द. पूर्ण नाव गॅस्-ट्रो-एन्-टे-राय्-टिस, सहा अक्षरांचं. आपण पहिली दोनच ठेवली, आणि आजार सांगणारा भाग नेमका मागे राहिला.

ग्रीकमध्ये ‘गॅस्टर’ म्हणजे पोट, ‘एन्टेरॉन’ म्हणजे आतडं. मधला ‘ओ’ नुसता सांधा. दोन मुळांमध्ये तो टिकतो. स्वरानं सुरू होणारा प्रत्यय आला की गळतो, म्हणून ‘गॅस्ट्रायटिस’. शेवटच्या ‘-आयटिस’ या प्रत्ययाचा प्रवास मला सगळ्यांत रंजक वाटतो. मुळात तो विशेषणाचा स्त्रीलिंगी प्रत्यय. रोगाला ग्रीक शब्द ‘नोसोस’, तोही स्त्रीलिंगी. त्याच्याशी जुळवून ‘आर्थ्रायटिस नोसोस’, म्हणजे सांध्यांचा रोग. पुढे ‘नोसोस’ गळून पडला, प्रत्ययच रोगाचं नाव झाला आणि ‘दाह’ हा अर्थ नंतर पक्का झाला. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या फ्रांस्वा ब्रूसे यांनी बहुतेक तापांचं मूळ जठर-आतड्यांच्या दाहात आहे असं मांडून हे नाव गाजवलं. उपाय म्हणून ते जळवा लावत. सिद्धांत मागे पडला, नाव राहिलं.

इंग्रजीत जोर ‘राय्’वर पडतो आणि आधीचा ‘टे’ जवळजवळ गिळला जातो. प्रत्यय बदलला की जोरही सरकतो: गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीत तो ‘रॉ’वर. मराठीत असा आघात नाही; आपण लघु-गुरू सांभाळत प्रत्येक अक्षर स्वच्छ म्हणतो.

संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय जोडून शास्त्रीय शब्द घडवण्याचं मोठं काम नागपुरातच झालं. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर इथे राहून पारिभाषिक कोश रचत होते. त्यांच्या शब्दांना क्लिष्ट म्हणून नावं ठेवली गेली, पण ती पद्धत मला आजही मोलाची वाटते, कारण तिच्यात शब्दाचे भाग उघडे दिसतात. गॅस्ट्रोएन्टेरायटिसला ‘जठरांत्रदाह’ म्हटलं की जठर, आंत्र, दाह तिन्ही समोर येतात. शिवाय ‘आंत्र’ आणि ‘एन्टेरॉन’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत.

‘गॅस्ट्रो’त ‘गॅस’ ऐकून ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्याला हे सांगायला हवं. जुलाब आतड्यातून होतात, पाणी आणि क्षार तिथूनच जातात. आधी ओआरएस द्यायचं, ते त्यासाठीच.