बँकॉकच्या नगरस्तंभाशेजारी दुसरा खांब कुठून आला

आपल्याकडचे बरेचसे टूरवाले ग्रँड पॅलेस आणि पाचूचा बुद्ध दाखवतात की लगेच पब्लिकला बसमध्ये चढवतात, पण जवळच सनाम लुआंग मैदानाच्या कोपऱ्यावर लाक मुआंग म्हणजे नगरस्तंभाचं, शहर वसवताना रोवलेल्या खांबाचं देऊळ आहे आणि थाई माणूस मात्र तिथे चुकवत नाही. आत गेलं की सोनेरी खांब एक नाही, दोन दिसतात. उंच तो जुना.

१७६७ ला बर्मी फौजेनं जुनी राजधानी अयुथ्या जाळली, मग ताकसिन राजानं नदीच्या पश्चिमेला थोनबुरीत बस्तान मांडलं, १७८२ च्या एप्रिलमध्ये त्याला बाजूला सारून राम पहिला गादीवर आला आणि त्यानं राजधानीच पलीकडच्या काठावर, म्हणजे बँकॉकला नेली. राजवाड्याचं काम सुरू व्हायच्या आधी खांब रोवला, २१ एप्रिल, सकाळी ६.५४ चा मुहूर्त. लाकूड बहाव्याच्या जातकुळीतलं, आणि शहराची चक्क जन्मपत्रिका मांडलेली. मुहूर्त-पत्रिका बघणारे दरबारातले ब्राह्मण, ज्यांची परंपरा दक्षिण भारताशी जोडली जाते.

आता कथा अशी की नेमक्या मुहूर्ताला खड्ड्यात चार साप दिसले, पण वेळ टळू नये म्हणून खांब तसाच खाली सोडला आणि साप मेले. त्यावरून राम पहिल्याचं घराणं १५० वर्षंच टिकेल असं भाकीत झालं म्हणे. १७८२ अधिक १५० म्हणजे १९३२, आणि त्याच वर्षी २४ जूनला खरंच उठाव होऊन राजाची अनियंत्रित सत्ता संपली! घराणं मात्र अजून आहे, त्यामुळे भाकीत अर्धंच खरं म्हणायचं, आणि अशा कथा मागाहून किती घासूनपुसून घेतल्या जातात ते आपल्याला माहितीच आहे. खांबाखाली माणसं जिवंत पुरली हा किस्सा तर गाईड फार रंगवतात, पण राजघराण्याच्या बखरींत त्याचा उल्लेख नाही.

दुसरा खांब १८५२ चा, राम चौथा म्हणजे मोंगकुट याचा. शहराची जुनी पत्रिका त्याच्या पत्रिकेशी जुळत नव्हती असं सांगतात, म्हणून नवीन मांडून नवा खांब. मला गंमत याची वाटते की हाच राजा खगोलशास्त्राचा पक्का नादिक, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचं गणित त्यानं स्वतः केलं आणि ते बघायला पाहुणे घेऊन दक्षिणेत वा को ला गेला (विजयदुर्गावरच्या साहेबाच्या ओट्याची गोष्ट सांगतात ना, तेच ग्रहण). तिथे मलेरिया झाला आणि त्यातच गेला. दुर्बीण आणि पत्रिका एकाच हातात, त्याला त्यात काही विसंगत वाटलं नसावं.

उत्तरेतल्या चियांग माई शहराचा इंथाखिन स्तंभ वेगळ्याच परंपरेतला, १८०० च्या सुमारास कविल राजानं वाट चेदी लुआंगच्या आवारात आणला, आणि तिथे बायकांना आत सोडत नाहीत, ते आधीच माहीत असलेलं बरं.

विसाव्या शतकात हे प्रकरण सरळ सरकारी झालं. १९४४ मध्ये पंतप्रधान फिबुननं राजधानी फेचाबूनला हलवायचं ठरवलं आणि तिकडे खांबही रोवून टाकला, संसदेनं योजना फेटाळली, तो पायउतार झाला, खांब उभाच राहिला. पुढे १९९२ ला गृहखात्यानं प्रत्येक प्रांतात नगरस्तंभ हवा असा आदेशच काढला, त्यामुळे कुठल्याही थाई गावात पुरातन म्हणून दाखवलेला खांब बघताना आधी साल विचारा.