सोसायटी, अपार्टमेंट आणि बिल्डरचे मत

नव्या संकुलात राहायला गेलेल्या माणसाला ‘तुमची सोसायटी झाली का?’ असे विचारले तर तो ‘झाली’ किंवा ‘बिल्डर करून देतोय’ असे उत्तर देतो. मात्र जे झाले आहे ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे, की महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालचे कंडोमिनियम आहे, हे त्याला सहसा सांगता येत नाही. बोलण्यात दोन्हींना सोसायटीच म्हटले जाते, दोन्हींकडे अध्यक्ष आणि सचिव असतात आणि दोन्हींकडून मेंटेनन्सचे बिल येते. फाटकावरच्या पाटीवरूनही काही कळत नाही, कारण ‘अमुक अपार्टमेंट सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ अशी नावे गावोगाव आहेत. बिल्डर सगळे सोपवून निघून गेला असेल आणि शेजारी शहाणे असतील, तर हा फरक वर्षानुवर्षे कोणाला टोचतही नाही. बिल्डर अजून संकुलातच असतो, तिसऱ्या इमारतीचे काम चालू असते, क्लबहाउसला कुलूप असते आणि जमा केलेल्या पैशांचा हिशेब मागूनही मिळत नसतो, तेव्हा मात्र तो टोचू लागतो.

आपण कशात आहोत हे कागदावरून ओळखता येते. सहकारी संस्था असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांनी दिलेले नोंदणी प्रमाणपत्र असते, त्याच्या क्रमांकात बहुधा ‘एचएसजी’ आणि ‘टीसी’ ही अक्षरे दिसतात आणि प्रत्येक सभासदाला भागपत्र म्हणजे शेअर सर्टिफिकेट मिळते. अपार्टमेंट असेल तर मूळ दस्त म्हणजे ‘डीड ऑफ डिक्लेरेशन’. तो दुय्यम निबंधकांच्या, म्हणजे खरेदीखते नोंदवली जातात त्या कार्यालयात नोंदवलेला असतो आणि त्याच्या आधारे प्रत्येक फ्लॅटधारकाच्या नावे ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ करून द्यायचे असते. उपनिबंधक आणि दुय्यम निबंधक या दोन कार्यालयांची गल्लत इतकी सर्रास होते की लोक एकाकडचा अर्ज दुसऱ्याच्या दारात घेऊन उभे राहतात.

मालकीची रचना दोन्हींत निराळी आहे. सहकारी संस्थेत जमीन आणि इमारत अभिहस्तांतरणाने, म्हणजे कन्व्हेयन्सने, संस्थेच्या नावे होते. सभासदाकडे भाग आणि त्याला जोडलेला फ्लॅटच्या वापराचा हक्क असतो. अपार्टमेंटमध्ये फ्लॅट हा त्या माणसाचा स्वतःचा असतो आणि जमिनीत व सामाईक जागांत त्याचा अविभाज्य हिस्सा टक्क्यांमध्ये ठरलेला असतो. फ्लॅट विकताना संस्थेच्या ना-हरकत पत्रासाठी हेलपाटे घालावे लागत नाहीत, म्हणून पुष्कळांना अपार्टमेंट सुटसुटीत वाटते, आणि दहा-बारा फ्लॅटच्या, एका दमात पूर्ण झालेल्या इमारतीपुरते ते मलाही पटते. टप्प्याटप्प्याने वाढत जाणाऱ्या मोठ्या संकुलाबद्दल मात्र माझे मत उलट आहे, आणि त्याचे कारण हे टक्केच आहेत.

अपार्टमेंटच्या डिक्लेरेशनला एक लांबलचक तक्ता जोडलेला असतो. त्यात प्रत्येक फ्लॅटचा आणि दुकानाचा क्रमांक, क्षेत्रफळ आणि शेवटच्या रकान्यात हिश्श्याची टक्केवारी असते. कायद्याच्या कलम ६ नुसार ही टक्केवारी संपूर्ण मालमत्तेच्या मूल्याच्या तुलनेत त्या अपार्टमेंटचे मूल्य किती यावर ठरते आणि सर्व मालकांच्या संमतीने केलेल्या सुधारित डिक्लेरेशनखेरीज ती बदलत नाही. आता या कायद्याच्या नियमांबरोबरच्या नमुना उपविधींत, म्हणजे कारभाराच्या नियमावलीत, मतदान माणशी नसून याच टक्केवारीवर आहे, आणि ‘बहुमत’ म्हणजे टक्क्यांप्रमाणे ५१ टक्के मते धारण करणारे मालक, अशी व्याख्या आहे. सहकारी संस्थेत मात्र सहकार कायद्याप्रमाणे एका सभासदाला एकच मत, त्याचे फ्लॅट कितीही असोत.

समजा एका संकुलात तीन इमारती आहेत. ‘अ’ आणि ‘ब’ मिळून ८० फ्लॅट, प्रत्येकी हिस्सा ०.७० टक्के, ‘क’ मध्ये ४० मोठे फ्लॅट, प्रत्येकी १.१० टक्के. ‘क’ अजून पायातच आहे, पण डिक्लेरेशनच्या तक्त्यात ती सामील केलेली आहे आणि तिथले सर्व फ्लॅट बिल्डरच्या नावे आहेत. शिवाय ‘अ’ आणि ‘ब’ मधले १० फ्लॅट अद्याप विकलेले नाहीत. बिल्डरकडे ‘क’ चे ४४ आणि हे ७ असे एकूण ५१ टक्के होतात, तर प्रत्यक्ष राहणाऱ्या ७० कुटुंबांकडे उरतात ४९ टक्के. सभेला सत्तरच्या सत्तर जण आले आणि एकमुखाने बोलले, तरी ठराव बिल्डरच्या एका प्रतिनिधीच्या हात वर करण्यावर अडतो. हेच ‘अ’ आणि ‘ब’ च्या सहकारी संस्थांत असते, तर न विकलेल्या १० फ्लॅटसाठी बिल्डर सभासद झाला तरी त्याचे मत प्रत्येक संस्थेत एक आणि रहिवाशांची मते मिळून ७०. अपार्टमेंटच्या पहिल्या व्यवस्थापक मंडळावर बिल्डरचेच भागीदार आणि नातलग का दिसतात, याचे उत्तर बहुतेक वेळा या आकडेमोडीत सापडते.

दुसरी गोष्ट मूळ दस्त कोण लिहितो ही. सहकारी संस्थेचे उपविधी शासनाच्या आदर्श उपविधींवर बेतलेले असतात, त्यात पदरचे घालायला फारशी जागा नसते आणि ते दुरुस्त करायचे तर सर्वसाधारण सभा व उपनिबंधक असे दोन उंबरे ओलांडावे लागतात. डिक्लेरेशन हे जमिनीचा मालक, म्हणजे त्या वेळी बहुधा बिल्डरच, एकट्याने लिहून नोंदवतो, आणि खरेदीदारांना ते अनेकदा ताबा घेताना किंवा त्यानंतरच पाहायला मिळते. सर्वांत जास्त भांडणे ज्यावरून होतात त्या ‘मर्यादित सामाईक जागा’ याच दस्तात ठरतात. कायद्याने अशी जागा काही ठरावीक अपार्टमेंटांच्याच वापरासाठी राखता येते. त्या तरतुदीचा आधार घेऊन गच्ची वरच्या मजल्याला, बगीच्याचा तुकडा तळमजल्याला आणि पार्किंग न विकलेल्या फ्लॅटांना जोडले जाते. स्टिल्टखालचे, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावरचे, पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात दिला होता. ‘विक्री’ हा शब्द टाळून ‘राखीव वापर’ लिहिणे ही त्यानंतरची पळवाट आहे, आणि डिक्लेरेशन वाचताना नजर आधी तिथेच गेली पाहिजे.

यावरून बिल्डरला अपार्टमेंटच सोयीचे आणि संस्था नेहमीच गैरसोयीची, असे समजू नये. संस्थेच्या बाबतीत त्याचे हत्यार उशीर हे असते, अपार्टमेंटच्या बाबतीत घाई. संस्था नोंदवलीच नाही तर हिशेब मागणारी कायदेशीर व्यक्तीच अस्तित्वात येत नाही. उलट डिक्लेरेशन लवकर नोंदवून टाकले की १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स, कायद्याच्या कलम १०(२) प्रमाणे त्या मालमत्तेवर सहकारी संस्था स्थापन करणे बेकायदा ठरते, आणि रहिवासी एकत्र येईपर्यंत दुसरा दरवाजा बंद झालेला असतो.

उशिरावर कायद्यात उतारा आहे. रेरा म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा; त्याखालच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांतील नियम ९ सांगतो की इमारतीतल्या किंवा विंगमधल्या ५१ टक्के खरेदीदारांनी फ्लॅट बुक केले की तीन महिन्यांच्या आत बिल्डरने संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज केला पाहिजे. अनेक इमारतींच्या संकुलात प्रत्येक इमारतीची संस्था आधी होते आणि शिखर संस्था किंवा फेडरेशन शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत व्हायला हवे. म्हणजे ‘सगळा प्रकल्प पूर्ण झाल्याशिवाय सोसायटी करता येत नाही’ हे कार्यालयात ऐकवले जाणारे वाक्य फेडरेशनबद्दल काही अंशी खरे असले, तरी इमारतीच्या संस्थेबद्दल साफ खोटे आहे. बिल्डरने टाळाटाळ केली तर महारेरा, म्हणजे राज्याचे रेरा प्राधिकरण, त्याला आदेश देऊ शकते किंवा खरेदीदारांना स्वतः अर्ज करण्याची मुभा देऊ शकते.

कन्व्हेयन्सचा प्रश्न यापासून वेगळा ठेवावा. संस्था नोंदली म्हणून जमीन तिच्या नावे झाली असे होत नाही. ती देणे बिल्डरने टाळले तर मोफाच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे लोक ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात ते, मागता येते. हा मार्ग अपार्टमेंटधारकांच्या असोसिएशनलाही खुला आहे, ही गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही.

मेंटेनन्सच्या बाबतीत दोन्हींचे गणित पुरते वेगळे आहे. संस्थेत आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सर्व फ्लॅटांना सारखे, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर, आणि दुरुस्ती निधी व सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम, बांधकाम खर्चाच्या किमान अनुक्रमे ०.७५ आणि ०.२५ टक्के वार्षिक दराने. अपार्टमेंटमध्ये अपार्टमेंट कायद्याच्या कलम १० प्रमाणे सामाईक खर्च अविभाज्य हिश्श्याच्या प्रमाणात, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. पुण्यातल्या एका संकुलाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली हेच तत्त्व उचलून धरले. ‘दर चौरस फुटाला इतके रुपये’ असे बिल हाती आले की ते योग्य की अयोग्य हे त्यामुळे आपण कोणत्या कायद्याखाली आहोत यावर अवलंबून राहते. संस्थेत सफाई आणि सुरक्षारक्षकांचा खर्च त्या दराने लावणे आदर्श उपविधींना धरून नाही. अपार्टमेंटमध्ये तो दर हिश्श्याशी जुळत असेल तर तक्रारीला जागा नाही. गंमत अशी की बिल्डरच्या काळात दोन्ही प्रकारच्या संकुलांत बिल सारखेच दिसते, कारण ते बिल्डरच्याच एखाद्या देखभाल कंपनीने काढलेले असते आणि आगाऊ घेतलेल्या वर्षा-दोन वर्षांच्या रकमेतून वळते होत असते.

त्या आगाऊ रकमेबद्दल मात्र दोन्हींकडे कायदा एकच आहे. मोफाच्या कलम ५ प्रमाणे अशा ठेवी बिल्डरने वेगळ्या खात्यात विश्वस्त म्हणून ठेवायच्या आणि ज्यासाठी घेतल्या त्यासाठीच खर्च करायच्या असतात. रेराचे कलम ११ त्याच्यावर देखभाल ताब्यात दिली जाईपर्यंत आवश्यक सेवा ‘वाजवी शुल्कात’ पुरवण्याची जबाबदारी टाकते. न विकलेल्या फ्लॅटांचा मेंटेनन्स बिल्डरने भरायचा नसतो, असा एक समज मुद्दाम पसरवला जातो. अपार्टमेंटमध्ये तर ज्या टक्क्यांच्या जोरावर तो मत देतो त्याच टक्क्यांनी सामाईक खर्चाचा वाटा त्याच्या माथी येतो, आणि हा मुद्दा सभेत शांतपणे, तक्ता समोर ठेवून मांडला की त्याच्या प्रतिनिधीचा सूर बदललेला दिसतो.

दाद मागण्याच्या सोयी संस्थेकडे जास्त आहेत. वैधानिक लेखापरीक्षण, कलम ८३ खालची चौकशी, बेजबाबदार समिती दूर करून प्रशासक नेमणे, कलम ९१ खाली सहकार न्यायालय ही सगळी यंत्रणा सहकार कायद्याने उभी केलेली आहे. ती संथ आहे आणि उपनिबंधक कार्यालयातल्या तारखांना कंटाळलेले सभासद कमी नाहीत, पण ती आहे. अपार्टमेंटमध्येही काही वाद उपनिबंधकांपर्यंत जातात, तरी मंडळाच्या रोजच्या कारभारावर त्या तोडीची देखरेख नसते, आणि डिक्लेरेशनच्याच वैधतेचा प्रश्न आला की बहुधा दिवाणी न्यायालय गाठावे लागते. रेराचे दार दोन्हींना सारखेच उघडे असते. विशेषतः कलम १४(२) दोघांच्याही कामाचे आहे. त्यानुसार मंजूर आराखड्यात किंवा सामाईक जागांत बदल करायचा तर बिल्डर वगळून किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची आगाऊ लेखी संमती लागते, आणि ही मोजणी करताना एका खरेदीदाराकडे कितीही फ्लॅट असले तरी तो एकच धरला जातो. ५१ टक्क्यांच्या जोरावर बागेच्या जागी चौथी इमारत मंजूर करून घेण्याचा बेत इथे अडतो. करारनाम्यातल्या एखाद्या बारीक कलमात ‘भविष्यातल्या सर्व बदलांना आमची संमती आहे’ असे लिहून घेतलेले असते खरे, पण अशी सरसकट संमती ही संमतीच नव्हे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने मोफाखालील प्रकरणांत घेतलेली आहे.

ज्यांचा ताबा अजून व्हायचा आहे त्यांनी करारनाम्यात ‘सहकारी संस्था’, ‘कंपनी’ आणि ‘असोसिएशन’ यांपैकी नेमके काय लिहिले आहे ते पाहावे. तिन्ही शब्द ‘किंवा’ घालून लिहिलेले असतील तर निवड बिल्डरने स्वतःकडे ठेवली आहे असे समजावे, आणि सही करण्याआधी ती ओळ दुरुस्त करून मागावी. नुसती ‘सहकारी संस्था’ लिहिलेली असताना नंतर डिक्लेरेशन नोंदवले गेले असेल, तर करारातील जबाबदारी पाळली नाही म्हणून महारेराकडे तक्रार करता येते. आणि जे आधीच राहायला आले आहेत, पण आपण कशात आहोत हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना बिल्डरच्या कार्यालयात खेटे घालण्याची गरज नाही. डिक्लेरेशन हा नोंदणीकृत दस्त असल्यामुळे शुल्क भरून त्याची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. ती हाती आली की पहिली पाने सोडून शेवटचा तक्ता उघडावा आणि बिल्डरच्या नावासमोरच्या टक्क्यांची बेरीज करावी.