कोळ्याचं सोंग घेतलेला पतंग

बेळगावजवळच्या खानापूरहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे जाताना ओढ्याकाठी भुईउंबर दिसतो. पानं समोरासमोर आणि खरखरीत, फळांचे घोस थेट खोडाला लटकलेले. लाकूड कामाचं नाही, म्हणून झुडपं साफ करताना कोयता आधी त्याच्यावर पडतो, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं. वड-उंबराच्या गणगोतावर कोर्युटिडी कुळातल्या कितीतरी पतंगांच्या अळ्या वाढतात.

हे पतंग बहुतेक दिवसाच वावरतात. आकारानं बोटाच्या नखाएवढे, पंखांवर धातूसारखी चमक. त्यांतला ब्रेंथिया या प्रजातीचा पतंग तर अजबच. पानावर बसताना तो पुढचे पंख वर उचलतो, मागचे बाजूला वळवतो आणि मग थांबत, झटके देत चालतो. त्या पवित्र्यात पंखांवरचे ठिपके डोळे वाटतात, पट्टे पाय वाटतात. समोर उभा राहतो उडी मारून शिकार करणारा कोळी! म्हणजे ज्याच्या तोंडी जायचं, त्याचंच रूप.

हा भास निव्वळ आपल्या डोळ्यांचा असेल का? याद्रांका रोटा आणि डेव्हिड वॅग्नर या कीटक-अभ्यासकांनी कोस्टारिकात हे तपासलं आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. कोळ्यासमोर सोडलेल्या तेवढ्याच आकाराच्या इतर पतंगांपैकी ६२ टक्के पकडले गेले, ब्रेंथिया फक्त ६ टक्के. कोळी त्याच्यापुढे पाय उंचावून इशारे करायचे, जसे आपल्या हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या कोळ्याला करतात. उडी मारणाऱ्या या कोळ्याची नजर किड्यांच्या जगात फार तीक्ष्ण मानली जाते, आणि हे सोंग नेमकं त्याच नजरेला फसवतं.

मला अळी त्याहून आवडते. ती पानावर विरळ जाळं विणते, हिरवा गर खरवडून खाते आणि जवळच पानाला एक आरपार भोक पाडून ठेवते. जाळं हललं, अंगावरच्या लांब केसांना धक्का लागला, की निमिषात त्या भोकातून पानाच्या पलीकडे!

म्हणून पावसाची उघडीप मिळाली आणि भुईउंबर किंवा त्याच्याच गोतातला खरवत दिसला, तर पान उलटू नका. आधी शिरांची जाळी उरलेला डाग शोधा, त्याच्या कडेचं बारीक गोल भोक शोधा, आणि खाली वाकून पलीकडून बघा.