लहरीला भिंतीतून बाहेर काढायला लागलेली 28 वर्षं

इंदुरात रामबागेतल्या आमच्या जुन्या घरामागे हौद आहे. खडा टाकला की तरंग काठावर आपटून परततात आणि मधे नुसती कालवाकालव होते. परवा भाच्याच्या लॅपटॉपवर तेच दिसलं, फक्त पाण्याऐवजी विद्युतक्षेत्र होतं. 200 खान्यांची रांग, मधोमध सोडलेला एक स्पंद. दोन्ही टोकांवर आपटून तो उलटा होऊन परतला. "मामा, कोड चुकलाय का?" चुकला नव्हता. टोकाच्या खान्यात विद्युतक्षेत्र शून्यावर बांधून ठेवलं, की तिथे धातूची भिंतच उभी राहते.

विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं कशी बदलतात हे सांगणारी मॅक्सवेलची समीकरणं 1865 सालची. पण कागदावर ती सुटतात गोळा, नळी, सपाट पत्रा असल्या गुणी आकारांसाठी. वेडावाकडा आकार आला, की जागेची जाळी करून, वेळेची छोटी छोटी पावलं टाकत, शेजारच्या खान्यांतल्या किमतींची वजाबाकी करत बसायचं. त्यातली मुख्य अट, म्हणजे गणित स्थिर राहण्याची, कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी 1928 सालीच, संगणक नसताना, सांगून ठेवली होती. एका मितीत तिचा अर्थ सोपा आहे: एका पावलात लहरीनं एका खान्यापलीकडे जायचं नाही. अट मोडून पाहा, आकडे भराभर फुगून कोड कोसळतो.

केन यी यांचा लेख आला 1966 मध्ये. त्यांची युक्ती मला आजही देखणी वाटते. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं एकाच जागी ठेवायचीच नाहीत. अर्धा खाना सरकवायची, वेळेतही अर्धं पाऊल मागेपुढे. मग प्रत्येक वजाबाकी नेमकी मधोमध पडते, आणि एका मितीत कोडच्या लूपमध्ये, म्हणजे दर पावलाला पुन्हा चालणाऱ्या भागात, दोनच ओळी उरतात. गंमत म्हणजे लेखातली स्थिरतेची अट चुकीची होती. ती टॅफ्लोव्ह आणि ब्रॉडविन यांनी 1975 मध्ये सुधारली, आणि त्याच वर्षी सूक्ष्मलहरींनी डोळा किती तापतो याचंही गणित केलं. या पद्धतीला 'एफडीटीडी' (फायनाइट-डिफरन्स टाइम-डोमेन) हे नाव टॅफ्लोव्ह यांनी 1980 मध्ये दिलं.

लोक सुरुवातीला फिरकले नाहीत, कारण खर्च. आपल्या इंदुरातल्या इंडस-2 या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या यंत्राची रेडिओ वारंवारता 505.8 मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साधारण 59 सेंटीमीटर. हिशेबापुरते तिचे 20 भाग केले तर खाना 3 सेंटीमीटरचा, आणि तीन मितींत पाऊल फार तर 57 पिकोसेकंदांचं. खाना निम्मा केला, की मेमरी आठपट, काम सोळापट. 1960 च्या दशकातल्या संगणकांना हे कुठलं झेपायला?

उरली ती भिंत. मूर यांनी 1981 मध्ये बऱ्यापैकी शोषणारी कड दिली. पण खरी सुटका झाली 1994 मध्ये, बेरांजे यांच्या कल्पित थरामुळे: लहर कुठल्याही कोनातून येवो, थरात शिरते आणि आतच विरते. जाळीवर उतरवताना थोडं परावर्तन राहतं, पण नगण्य.

भाच्याला एवढं लागलं नाही. एका मितीत पाऊल बरोबर एका खान्याचं ठेवलं, तर टोकाच्या खान्याला शेजाऱ्याची मागच्या पावलातली किंमत दिली की पुरतं. त्यानं दोन ओळी बदलल्या, पुन्हा चालवलं. स्पंद कडेतून निघून गेला आणि पडदा सपाट झाला.