जिवतीच्या कागदापासून एचिंगच्या प्रेसपर्यंत

श्रावण जवळ आला की ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात जिवतीचे कागद दिसू लागतात. वर नृसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण, त्याखाली लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका, तळाशी हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. आमच्या घरी आई तो कागद देवघराशेजारी चिकटवायची आणि महिनाभर त्याचीच पूजा व्हायची. कागद छापील आहे म्हणून देव उणा, असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही.

म्हणूनच प्रदर्शनात छापाचित्रापुढे, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून कागदावर छापलेल्या चित्रापुढे, उभं राहून कुणी 'मग ओरिजिनल कुठंय?' असं विचारलं की मला वाईट वाटतं. प्लेट म्हणजे चित्र नव्हे. चित्र कागदावर उमटतं, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने ३/१५ असं लिहिलेला ठसा हा पंधरांतला तिसरा, तरीही अस्सलच.

धातूवर कोरण्याशी ठाण्याचं नातं जुनं आहे. शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९चा, म्हणजे इ.स. १०१७चा, ताम्रपट १७८७ मध्ये इथेच खोदकामात सापडला. पण ताम्रपटातली अक्षरं सरळ असतात, कारण ती पत्र्यावरूनच वाचायची. छापायचं तर उलटं कोरावं लागतं. आपल्याकडे ही उलटी अक्षरं आली तीही धर्मग्रंथासाठी! नाना फडणवीसांनी पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरवून छापायची खटपट सुरू केली होती. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये ती छापून निघाली. त्यानंतर दगडावरून छापणारा शिळाप्रेस आला. गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापलं, तेव्हा चरबीच्या शाईचा विटाळ नको म्हणून तुपाची शाई वापरल्याचं सांगतात. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा हा छापखाना निघाला, १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना गिरगावात सुरू झाला आणि काही वर्षांनी मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर पोचल्या त्या अशा, दगडावरून कागदावर, एकेका रंगाला वेगळा दगड वापरून.

आजचा छापाचित्रकार अध्यात्माकडे वळतो तो मात्र देवाची मूर्ती काढण्यासाठीच असं नाही. कृष्णा रेड्डींचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. शांतिनिकेतनात शिकलेले, जे. कृष्णमूर्तींच्या विचारांचे संस्कार झालेले हे कलावंत पॅरिसच्या 'आतलिए १७' या सामायिक कार्यशाळेत काम करत. स्टॅन्ली हेटर या ब्रिटिश छापाचित्रकाराने ती १९२७ मध्ये सुरू केली होती. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले कैको मोतीही तिथे होते. एकाच प्लेटवरून एकाच दाबात अनेक रंग उमटवण्याची 'व्हिस्कॉसिटी'ची पद्धत या मंडळींनी विकसित केली. प्लेट वेगवेगळ्या खोलीपर्यंत कोरायची, पातळ शाई कडक रोलरने वरच्या थरावर फिरवायची, घट्ट शाई मऊ रोलरने खालच्या थरापर्यंत पोचवायची. तेलाचं प्रमाण वेगळं असल्याने दोन्ही शाया एकमेकींत मिसळत नाहीत. हे एकट्याच्या खोलीत सुचलं असतं असं मला वाटत नाही.

सामायिक स्टुडिओमागे अगदी साधी गरजही आहे. एचिंगचा, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापायचा, प्रेस महाग आणि इतका जड, की फ्लॅटमध्ये तो ठेवायचा कुठे? आम्लासाठी हवा खेळती हवी. शाईने माखलेल्या हातांनी ओला कागद धरता येत नाही, तिथे दुसरं माणूस लागतं. दिल्लीत ललित कला अकादमीचे गढी स्टुडिओ १९७६ मध्ये झाले, बडोद्यात १९९९ मध्ये 'छाप' ही छापाचित्रांची कार्यशाळा उभी राहिली, ते याच गरजेतून.

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात चौघं मिळून एक प्रेस चालवतात. वीजबिल चौघांत, छापताना कागदावर घालायची लोकरीची ब्लँकेटं ज्याने खराब केली त्याने धुवायची. गेल्या खेपेला गेलो तेव्हा त्यांतला एकजण लाकडाच्या ठोकळ्यावर जिवती कोरत होता. छापल्यावर नृसिंह डावीकडे यावा म्हणून त्याने तो उजवीकडे घेतला होता. जरा-जिवंतिकांच्या अंगावरची पोरं कोरून झाली होती, पाळण्याच्या दोऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. लाकडातल्या रेषा फुटू नयेत म्हणून त्या दोऱ्यांसाठी तो सगळ्यांत बारीक पटाशी दगडावर घासत बसला होता, आणि शेजारची मुलगी त्याच्यासाठी कागद भिजवत होती.