कॅटफिशचे खाद्य: रोज किती, कधी आणि का, याची पार्श्वभूमी

अमेरिकेत चॅनल कॅटफिश या गोड्या पाण्यातल्या माशाची व्यापारी शेती 1960 च्या दशकात उभी राहिली. अलाबामा, आर्कान्सा आणि मिसिसिपी ही तिची मुख्य राज्ये. त्याआधीच अलाबामातील ऑबर्न येथे मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी तळ्यातील मत्स्यपालनाचा शास्त्रीय पाया घातला होता. सुरुवातीचे खाद्य बुडणारे असे. त्यातले किती माशांनी खाल्ले आणि किती तळाशी कुजले, हे कळायला मार्ग नव्हता. एक्स्ट्रूडरमधून (उष्णता आणि दाबाने खाद्य फुलवणाऱ्या यंत्रातून) निघणारी तरंगती गोळी आली आणि मासे खाताना दिसू लागले. या इतिहासातला सर्वांत मोलाचा बदल मला हाच वाटतो, कारण मासे वर येईनासे झाले की खाद्य थांबवता येऊ लागले.

तरीही मासा खातो तितके टाकत राहणे तळ्याला झेपत नाही. उरलेले खाद्य आणि विष्ठा यांमुळे अमोनिया वाढतो, शेवाळ माजते आणि पहाटे पाण्यातला ऑक्सिजन फार कमी होतो. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) नसलेल्या तळ्यात हेक्टरी रोज 30-40 किलोच्या पुढे खाद्य देणे जोखमीचे. 1980 च्या दशकात विजेवर चालणारे पॅडलव्हील एरेटर सर्रास आले, तेव्हा ही मर्यादा 100 किलोपलीकडे गेली.

खाद्यातील प्रथिने पुढे 32 टक्क्यांवरून 28 टक्क्यांपर्यंत उतरली आणि फिशमीलची (माशांच्या भुकटीची) जागा बहुतांशी सोयापेंडीने घेतली. 2008 च्या सुमारास मका आणि सोयाबीन कडाडले, तेव्हा अनेकांनी दिवसाआड खाद्य द्यायला सुरुवात केली. खाडा झाल्यावर मासा दुसऱ्या दिवशी जास्त खातो, पण दुप्पट नाही. त्यामुळे खाद्य वाचते आणि रूपांतराचे गुणोत्तर (एक किलो वाढीला किती किलो खाद्य लागते ते) सुधारते, मात्र एकूण उत्पादन घटते. बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लांच्या) बाबतीत ही काटकसर करूच नये, तिला रोज खाद्य हवेच.

टाकीतल्या प्रयोगात एक किलो वाढीला दीड किलो खाद्य पुरते, तर व्यापारी तळ्यात दोन ते अडीच किलो लागते. हा फरक केवळ वाया गेलेल्या गोळ्यांचा नाही. महिनोन्‌महिने खाऊन काढणीआधी मेलेल्या किंवा पाणकावळ्यांनी उचललेल्या माशांचे खाद्यही त्याच हिशेबात येते. म्हणूनच 22 ते 28 अंश तापमानात एंटेरिक सेप्टिसीमिया या जिवाणूजन्य रोगाची साथ आली, की बरेच उत्पादक खाद्य काही दिवस बंद ठेवतात किंवा दिवसाआड देतात. तसे केल्याने मरतूक कमी होते.